गाडीचा ब्लोअर फक्त ४ नंबरवर चालतोय, १-२-३ बंद. काय करू?

पावसाळी_बेडूक | ९ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, ८७ हजार किमी, एसी साधा, गोल खटके फिरवायचे तो, ऑटोमॅटिक वगैरे काही नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नायतर धागा त्याच भांडणात जातो.

तर झालंय असं की ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, १, २, ३ वर मेल्यासारखा गप्प, आणि ४ वर टाकला की विमान सुटल्यासारखा भणाणतो. रविवारी आईला घेऊन माणगावला निघालो, ताम्हिणीत धो धो पाऊस, समोर ढग, आत चार माणसं ओल्या कपड्यांची, काच आतून पांढरीफटक. ४ वर टाकला की दोन मिनिटांत काच साफ पण मागून आई "अरे बंद कर ते, कान गारठले माझे", बंद केला की परत पांढरी. असं चालू-बंद चालू-बंद करत, बायको फडक्यानं काच पुसतेय, मी डोकं बाहेर काढायच्या बेतात, अशी वरात घाट उतरली. आणि खाली आल्यावर नवीनच नाटक, काच आता बाहेरून धुरकटायला लागली! वायपर मारला की साफ, अर्ध्या मिनिटात परत तेच.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला दाखवली. म्हणाले ब्लोअर असेंब्ली पूर्ण बदलावी लागेल, ७८०० आणि मजुरी वेगळी, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. आता ४ वर मोटर झकास फिरतेय तर मोटर बदलायची कशाला हे काही मला कळेना. फ्यूज बघितला, चांगला आहे. सांगा कोणीतरी.

तीनचाकी | ९ जुलै, रात्री १०:५२

चारवर चालतोय ना? आमच्या रिक्षाला तेवढंही नसतं. आईला कानटोपी घ्या, शंभर रुपयात काम.

कार्बनब्रश | ९ जुलै, रात्री ११:१५

भावा रेझिस्टर गेलाय, पंख्याचा स्पीड कमी करतो तो पार्ट. मोटर न्हाई. डोळे झाकून सांगतो, उद्यमनगरात वीस वर्षं हेच करतोय. डॅशबोर्ड उतरवायचा म्हणे, त्यांना म्हणावं स्वतःच्या घरचा उतरवा. डाव्या सीटवर बस, ग्लोव्ह बॉक्सच्या खाली वाकून वर बघ, ब्लोअरच्या काळ्या डब्याला एक चपटा पार्ट दोन स्क्रूवर बसवलेला दिसंल, त्याला चार वायरचा कपलर. तोच. दहा मिनिटाचं काम, मान मोडते तेवढीच. कपलर काढल्यावर आत पिना करपल्यात का ते आधी बघ आणि फोटो टाक.

अर्थिंग | १० जुलै, सकाळी ६:३०

कार्बनब्रश यांचं निदान बरोबर आहे. फक्त "का" ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभं राहून घाम फुटणार नाही.

मोटर एकच आहे, १२ व्होल्टची. तिच्या वाटेत रेझिस्टर, म्हणजे निक्रोमच्या (करंट अडवणाऱ्या) तारेची तीन वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात. तुम्ही १ लावलात की करंट तिन्हीतून जातो, म्हणून मोटरच्या वाट्याला कमी व्होल्टेज येतं आणि ती सावकाश फिरते. २ वर दोन वेटोळी, ३ वर एक, आणि ४ वर एकही नाही, थेट. या वेटोळ्यांच्या सामाईक टोकाला एक थर्मल फ्यूज असतो, फार तापलं की तो कायमचा तुटतो. तो तुटला की १-२-३ एकदम जातात आणि ४ शिल्लक राहतो कारण ४ ची वाट तिकडून जातच नाही. तुमचं नेमकं तेच झालंय. नुसता १ गेला असता आणि २-३ चालले असते तर मी एखादी तार तुटली म्हणालो असतो. उलट १-२-३ चालू आणि ४ च बंद असेल तर रेझिस्टरच्या वाटेलाही जाऊ नका, रिले (विजेवर चालणारा खटका) किंवा स्विचमधला तो एक कॉन्टॅक्ट बघा. कुठलाच नंबर चालत नसेल तर मग फ्यूज, अर्थ, मोटर.

काच बाहेरून धुरकटली त्याचं कारणही हेच बरं का. घाटाखाली हवा उबदार आणि दमट, आणि तुम्ही आतून ४ नंबरचा गार झोत काचेवर मारताय, काच थंड पाण्याच्या तांब्यासारखी झाली, बाहेरून दव धरलं. अशा वेळी एसी चालूच ठेवा पण तापमानाचा खटका लाल बाजूला अर्धा न्या. एसी हवेतली ओल काढतो, हीटर ती कोरडी हवा गरम करतो, काच साफ राहते आणि आईचे कानही. आपल्याकडे दहा-दहा वर्षं गाडी चालवूनही त्या लाल भागाला कोणी हात लावत नाही, "हीटर महाराष्ट्रात कशाला" म्हणतात. आणि बाहेरची हवा आत घ्या, आतल्या आत फिरवू नका, चार ओली माणसं आहेत आत.

पावसाळी_बेडूक | १० जुलै, रात्री ९:०५

अर्थिंग काका, दंडवत. लाल खटक्याचं खरंच माहीत नव्हतं.

आज मल्टिमीटर घेऊन बसलो आणि जास्तच गोंधळलो. १ वर ठेवून मोटरच्या कपलरला मीटर लावला, काळं टोक गाडीच्या बॉडीला. एका वायरवर १२.३ व्होल्ट. बरं म्हटलं. दुसऱ्या वायरवर पण १२.३! म्हणजे मोटरला दोन्हीकडून सप्लाय येतोय आणि तरी फिरत नाही?? मग सर्व्हिस सेंटरवाले बरोबर का?

अर्थिंग | १० जुलै, रात्री ९:४०

नाही नाही, घाबरू नका, इथे भलेभले फसतात. तुमच्या गाडीत मोटरला प्लस कायम मिळतो आणि रेझिस्टर व स्विच दोन्ही अर्थच्या बाजूला आहेत. अर्थची वाट तुटलेली म्हणजे करंट वाहत नाही, करंट नाही म्हणजे मोटरमध्ये व्होल्टेज पडत नाही, म्हणून या टोकाला जे १२.३ तेच त्या टोकाला. नळ बंद असताना पाइपात सगळीकडे सारखंच प्रेशर असतं तसं. मीटर बॉडीला लावूच नका, मोटरच्या दोन पिनांमध्ये लावा. १ वर शून्य येईल, ४ वर बारा. मग रेझिस्टर काढून ओहममध्ये मोजा. मोजायच्या आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून बघा, ०.२ वगैरे दाखवेल, ते वजा करायचं, कारण इथे सगळा खेळच एक-दोन ओहमचा आहे.

पावसाळी_बेडूक | ११ जुलै, रात्री ८:२०

मोजलं. पिनांमध्ये तंतोतंत शून्य आणि बारा आले, काय भारी वाटलं! रेझिस्टरला चार पिना आहेत. तीन पिनांमध्ये आपापसात १.३ आणि ०.९ येतंय, आणि चौथ्या पिनेपासून कुठेही लावा, मीटर ओएल दाखवतो, म्हणजे वाटच तुटलेली. म्हणजे तारा शाबूत, थर्मल फ्यूजच गेलाय ना? तो भाग बघितला, बारीक चकचकीत गोळीसारखा आहे, तापून एका बाजूला तपकिरी झालाय. कपलरची एक पिन पण थोडी करपलीय.

जुगाडभाऊ | ११ जुलै, रात्री ८:४५

मग सोपंय की! ती गोळी काढा, तिथे तांब्याच्या वायरचा तुकडा सोल्डर करा. खर्च शून्य. मी माझ्या व्हॅनला केलंय, तीन वर्षं झाली, मस्त चालू.

कार्बनब्रश | ११ जुलै, रात्री ८:५१

जुगाडभाऊ तुमची व्हॅन कुठं उभी असती तेवढं सांगा, मी माझी गाडी दुसरीकडं लावतो.

मँचेस्टरची_मावशी | ११ जुलै, रात्री ११:३०

वाचत होते नुसती पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो वायरचा तुकडा अजिबात लावू नका. इथे इंग्लंडमध्ये व्हॉक्सहॉलची झाफिरा बी म्हणून सात सीटची गाडी आहे, कुटुंबवाल्यांची आवडती. तिच्या आगींच्या बातम्या २०१५ मध्ये इतक्या आल्या की दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आणि आग लागायची कुठून, तर डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, हीटरच्या पंख्यापाशी. कंपनीनं सांगितलं की ब्लोअरचा रेझिस्टर आणि त्याचा थर्मल फ्यूज कोणीतरी चुकीच्या पद्धतीनं दुरुस्त केलेला होता. पुढच्या वर्षी त्याच गाड्या पुन्हा बोलावल्या. शेवटी पार्लमेंटच्या वाहतूक समितीनं कंपनीला चांगलंच फैलावर घेतलं की तपासाला इतका उशीर का लावलात. तर ती गोळी म्हणजे पोरखेळ नाही.

बाकी माझ्या स्वतःच्या गाडीचं पण हेच झालं होतं, जानेवारीत, सकाळी काचेवर बर्फ आणि हीटर फक्त ४ वर. इथे हीटर गेला म्हणजे घरातला गॅस गेल्यासारखं. नवऱ्यानं व्हिडिओ बघितले तीन दिवस, मी चौथ्या दिवशी पार्ट मागवून ड्राइव्हवेवर पाय बाहेर काढून आडवी पडून बसवला. शेजारचा म्हातारा चहा घेऊन आला, त्याला वाटलं मी पडलेय.

जुगाडभाऊ | १२ जुलै, सकाळी ७:१०

बरं बाबा, बदलतो माझा पण. मावशींनी झोप उडवली.

अर्थिंग | १२ जुलै, सकाळी ७:३०

जुगाडभाऊ, आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. बेडूक यांचे आकडे धरले तर तिसऱ्या वेटोळ्याचे अर्धा-पाऊण ओहम धरून १ नंबरला एकूण २.८ ओहमच्या आसपास, करंट ३ अँपिअर धरा. ३ गुणिले ३ गुणिले २.८, म्हणजे २५ वॅट. आपली घरातली साधी सोल्डरिंग आयर्न असते ना, तेवढी उष्णता त्या चिमटीएवढ्या पार्टात कायम तयार होते. म्हणून तो मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यात बसवतात. वारा थांबला आणि करंट चालू राहिला तर त्याला थांबवणारी ती एकच गोळी. आणि गंमत बघा, सगळ्यांना वाटतं ४ नंबर गाडीला जड, पण रेझिस्टरला ४ म्हणजे सुट्टी, १-२-३ म्हणजे ड्युटी.

नागपुरी_संत्रं | १२ जुलै, दुपारी १:०५

मधेच घुसतो, माफी. माझ्याकडे ऑटोमॅटिक क्लायमेटवाली गाडी आहे, बटणं आहेत, सात-आठ स्पीड. ब्लोअर आपल्या मनानं कमी-जास्त होते, आणि परवा तर चावी काढली तरी चालूच राहिला ना बापा! मे महिन्यात झालं असतं तर देवाचे आभार मानले असते. याला पण रेझिस्टर का?

कार्बनब्रश | १२ जुलै, दुपारी १:४०

तुमच्यात रेझिस्टर नसतोय, ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतंय, मागं अ‍ॅल्युमिनियमचं हीटसिंक. त्याला ओहम लावून काय कळत न्हाई. चावी काढून पण चालू म्हणजे मॉड्यूल शॉर्ट झालंय. रात्री गाडी लावताना ब्लोअरचा फ्यूज काढून ठेवा, न्हाईतर सकाळी बॅटरी झोपलेली असंल. मॉड्यूल बदला पण त्याआधी मोटर हातानं फिरवून बघा. हे बेडूकभाऊंनी पण वाचावं.

पावसाळी_बेडूक | १२ जुलै, रात्री ९:३०

झालं!! नाना पेठेत गेलो, जुना पार्ट हातात घेऊन, तीन दुकानं फिरलो, तिसऱ्यानं बघताक्षणी नंबर सांगितला, ४५० रुपये. घरी येऊन बसवला, १-२-३-४ चारही चालू. ७८०० कुठे आणि ४५० कुठे. मान धरलीय पण आनंद आहे. सगळ्यांचे आभार, धागा संपला समजा. कार्बनब्रश, मोटर हातानं फिरवायची राहिली, पण आता चालतेय ना.

कार्बनब्रश | १२ जुलै, रात्री ९:३८

बरं. भेटूच.

पावसाळी_बेडूक | ३१ जुलै, रात्री १०:१५

भेटलो. :(

१९ दिवस. आज ऑफिसातून येताना १-२-३ परत बंद, ४ चालू. काढून मोजलं, तेच, चौथ्या पिनेला ओएल. दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला का? आणि कपलरची ती पिन आता जास्तच काळी झालीय, प्लास्टिक वितळल्यासारखं.

तीनचाकी | ३१ जुलै, रात्री १०:२०

कानटोपी.

घाटवाट | ३१ जुलै, रात्री १०:४४

एसी फिल्टर बघितलात का? चोक झाला की मोटरवर लोड येतो आणि रेझिस्टर उडतो, माझ्या मेकॅनिकनं सांगितलेलं.

अर्थिंग | १ ऑगस्ट, सकाळी ६:४०

अर्धं बरोबर. या पिंजऱ्यासारख्या पंख्याची वाट बुजवली तर त्याला कमी हवा ढकलावी लागते, म्हणून लोड उलट कमी होतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर हात ठेवा, मोटर मोकळी सुटल्यासारखी आवाज करते, तेच. पण रेझिस्टरला लागणारा वारा मात्र कमी होतो, म्हणून तो तापतो. निष्कर्ष तोच, कारण वेगळं. फिल्टर बघाच.

बेडूक, एक विचारतो, नीट आठवून सांगा. रेझिस्टर पहिल्यांदा जायच्या आधी काही वेगळं जाणवत होतं का? आवाज, वास, काहीही?

पावसाळी_बेडूक | १ ऑगस्ट, सकाळी ९:१०

तसं काही नाही. म्हणजे दोन-तीन महिने १ वर टाकला की कधीकधी सुरूच व्हायचा नाही, ग्लोव्ह बॉक्सवर एक चापट मारली की व्हायचा. मुलाला ते काम फार आवडायचं, "बाबा मी मारू?" म्हणायचा. पण ती सवयच झाली होती त्यामुळे काही वाटलं नाही.

कार्बनब्रश | १ ऑगस्ट, सकाळी ९:१२

अरे देवा

कार्बनब्रश | १ ऑगस्ट, सकाळी ९:१५

हे पहिल्याच दिवशी सांगायचं व्हतंस भावा!! चापट मारून सुरू हुतो म्हणजे मोटर अडकतीय. एक तर कार्बन (मोटरला घासून करंट देणारा तुकडा) संपलाय न्हाईतर बुश (शाफ्ट फिरतो ती कडी) कोरडा. मी उगंच म्हणालो व्हय हातानं फिरवून बघा म्हणून.

अर्थिंग | १ ऑगस्ट, सकाळी ९:५०

आता चित्र पूर्ण झालं. १ नंबरला जोर मुळात कमी. मोटर जड झालेली, ती हलतच नाही. मोटर फिरत असते तेव्हा तिच्यात उलटं व्होल्टेज तयार होऊन करंट आटोक्यात राहतो, ती अडकली की ते गेलं, ३ चे सव्वाचार होतात. सव्वाचार गुणिले सव्वाचार गुणिले २.८, पन्नास वॅट. दुप्पट उष्णता आणि पंखा थांबलेला म्हणून वारा शून्य. तुमचा मुलगा चापट मारेपर्यंत ती गोळी भाजत असणार. दुकानदाराला शिव्या देऊ नका, त्याचा पार्ट बरोबर वेळी तुटला.

करंट मोजता आला तर बघा. पण एसीचा करंट मोजायला डीसी क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखा लावायचा) लागतो हे लक्षात ठेवा, हाहा, गाडीतला करंट डीसी असतो ना. इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प इथे काही दाखवणार नाही.

पावसाळी_बेडूक | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

ऑफिसमधल्या एकाकडे डीसी क्लॅम्प मिळाला, आणि त्याच्याकडे गाडी पण माझ्याच मॉडेलची. ४ नंबरवर त्याची ११.४ अँपिअर. माझी १७.२.

मग काढली मोटर. डॅशबोर्ड वगैरे काही नाही, डाव्या पायापाशी खालून तीन स्क्रू, मोटर पिंजऱ्यासकट हातात आली, आणि तिच्याबरोबर ओंजळभर काळा चिखल मांडीवर. आधी वाटलं उंदीर. घरातून टॉर्च आणून बघितलं तर गुलमोहर! सोसायटीत माझं पार्किंग गुलमोहराखाली आहे, त्याची ती तांदळाएवढी पानं. काचेखालच्या जाळीतून आत, तिथून सरळ पिंजऱ्यात, पावसाचं पाणी, कुजून लगदा. पिंजऱ्याच्या पात्यांमध्ये भरलेला, आणि शाफ्टभोवती तर वेटोळं करून बसलेला, दोरा गुंडाळल्यासारखा. चिमट्यानं ओढला तर अख्खी रिंग निघाली. हातानं फिरवली तर अर्धी फेरी मारून थांबत होती. पिंजरा टूथब्रशनं धुताना एक आख्खं पान सापडलं, देठासकट, हिरवट. ते कुठून गेलं कुणास ठाऊक.

आणि घाटवाट, फिल्टरचं म्हणालात ना. फिल्टरची खाच आहे, झाकण आहे, आत फिल्टरच नाही. कंपनीतूनच बसवलेला नव्हता, त्या मॉडेलच्या खालच्या व्हर्जनला देत नाहीत म्हणे. बारा वर्षं मी "एसी फिल्टर साफ केला" म्हणून सर्व्हिसच्या बिलात पैसे भरतोय!!!

तीनचाकी | ४ ऑगस्ट, रात्री ११:२६

हाहाहाहा. नसलेला फिल्टर किती स्वच्छ असेल विचार करा.

कार्बनब्रश | ५ ऑगस्ट, सकाळी ८:००

कार्बन बघितलास का? बुशला मशीनच्या तेलाचा एकच थेंब, एकच. जास्त घातलंस तर कम्युटेटरवर (कार्बन घासतो त्या तांब्यावर) जाऊन सगळा राडा. आणि तो करपलेला कपलर तसाच ठेवू नको, वायरसकट नवीन मिळतोय, चांगला दाबून क्रिंप कर. करपलेल्या पिनेला पकड नसते, तिथंच गरम हुतंय परत.

पावसाळी_बेडूक | १० ऑगस्ट, रात्री ९:००

कार्बन ठीक निघाले, अजून भरपूर आहेत. बुशला एक थेंब, शप्पथ एकच. कपलर वायरसकट १२० रुपये. रेझिस्टर परत ४५०, दुकानदार म्हणाला "काय साहेब, आवडला वाटतं". फिल्टर पहिल्यांदाच बसवला. आता ४ नंबरवर ११.९ अँपिअर आणि १ वर इतका शांत चालतो की चालू आहे का म्हणून हात लावून बघावं लागतं. मुलगा नाराज, चापट मारायचं काम गेलं.

गुलमोहर काही तोडत नाही, उन्हाळ्यात त्याच्याच सावलीवर जगतो आम्ही. काचेखालच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावायचा विचार आहे. चालेल ना?

अर्थिंग | ११ ऑगस्ट, सकाळी ६:३५

मच्छरदाणी नको, इतक्या बारीक जाळीवर ओली पानं चिकटून हवेची वाट आणि पावसाचं पाणी दोन्ही अडेल. खिडकीला लावतात त्यातली जरा मोठ्या भोकांची जाळी घ्या आणि पावसाळ्यात दर रविवारी हातानं झाडा. त्याच खोबणीत कोपऱ्यात पाणी जायची भोकं असतात, ती पण सायकलच्या आऱ्यानं मोकळी करा.

घाटवाट | २३ ऑगस्ट, दुपारी ४:५०

धागा वर काढतोय. माझ्या गाडीत बरोबर उलटं, १-२-३ झकास आणि ४ वर गप्प. रेझिस्टर मागवू का?

पावसाळी_बेडूक | २३ ऑगस्ट, दुपारी ४:५८

नका मागवू! आधी रिले बघा. फ्यूज बॉक्समध्ये शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असतो बहुतेक, अदलाबदल करून बघा, फुकटात कळेल. त्यानं नाही झालं तर स्विच. आणि काही चापट वगैरे मारत असाल तर आत्ताच सांगून टाका.